१८५ च्या जागी १९५ की २०५? टायरचं माप बदलण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते कळेल. गाडीला कंपनीने १८५/६५ आर १५ ८८एच मापाचे टायर दिले होते, साडेपाच इंची लोखंडी रिमवर. ते आता संपत आलेत. दुकानदार म्हणतो १९५/६५ घाला, नाहीतर सरळ २०५/६५ घाला, बिनधास्त बसतात. मित्राचा आग्रह सोळा इंची अलॉय चाकांचा. तुमच्या अपेक्षा तीन: पावसात गाडी सरकू नये, खालून थोडी उंच व्हावी आणि अ‍ॅव्हरेज पडू नये.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. टायर रिमवर चढतात, चाक फिरतं, गाडी दुकानाबाहेर पडते. अडचण अशी की तुमच्या तीन अपेक्षांपैकी एकही निव्वळ मोठ्या मापाने धड पुरी होत नाही. म्हणून एकेक तक्रार घेऊ, माप नंतर.

पावसातली पकड सगळ्यात महत्त्वाची, तिथूनच सुरू करतो. रुंद टायर म्हणजे जास्त पकड असं सरसकट मानलं जातं. कोरड्या रस्त्यावर, जोरात वळताना त्यात काही तथ्य आहे. पण टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार आणि आतली हवा यांवर ठरतं. या दोन्ही गोष्टी तशाच ठेवून टायर रुंद केला तर तो पट्टा आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. साचलेल्या पाण्यात तर हे उलटच अंगावर येतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो, त्यामुळे नक्षी तितकीच खोल असेल तर रुंद टायर पाण्यावर आधी तरंगतो. ओल्या रस्त्यावर गाडी धरून ठेवतं ते रबराचं मिश्रण, नक्षीची खोली आणि पाणी बाहेर काढणाऱ्या खाचांची रचना. त्याच मापातल्या साध्या आणि चांगल्या टायरमध्ये ब्रेक लागण्याच्या अंतराचा जो फरक पडतो, तो १८५ आणि १९५ मधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो.

‘पावसात सरकते’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे टायर मी आधी हाताने बघतो. पुष्कळदा नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबर टणक झालेलं असतं. नख रुतत नाही, खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसतात. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमच्या जुन्या टायरवरही बघा आणि नवे घेताना तर बघाच. रुंद माप सहसा विकलं जात नाही म्हणून दुकानात पडून राहिलेला टायर ‘अपसाइज’च्या नावाखाली गळ्यात मारला जाणं ही नवलाची गोष्ट नाही.

आता उंची. इथे थोडं गणित लागतं, आणि हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं असं मला वाटतं. १८५/६५ आर १५ मध्ये १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा व्यास इंचात. साइडवॉल झाली १२०.२५ मिमी, वर-खाली मिळून २४०.५. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. एकूण व्यास ६२१.५ मिमी. याच रीतीने १९५/६५ आर १५ चा व्यास येतो ६३४.५, म्हणजे १३ मिमी किंवा २.१ टक्के जास्त. २०५/६५ चा ६४७.५, म्हणजे ४.२ टक्के जास्त. २०५/६० चा ६२७, फक्त ०.९ टक्के जास्त. आणि मित्राच्या सोळा इंचात १९५/५५ घेतला तर ६२०.९, म्हणजे जवळजवळ तंतोतंत.

१९५/६५ मुळे व्यास १३ मिमीने वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धा भाग आसाच्या वर जातो. म्हणजे साडेसहा मिमी, एका पेन्सिलीच्या जाडीइतके. स्पीडब्रेकरला पोट घासणारी गाडी एवढ्याने घासायची थांबत नाही. मागे चार माणसं आणि सामान असताना घासत असेल तर मागच्या स्प्रिंगा बसल्यात का ते आधी तपासा. तिथे गेलेली उंची टायरने भरून येत नाही.

वर जे टक्के काढले, त्यात किती चालतात? तीन टक्क्यांपर्यंत हरकत नाही असं सर्रास सांगितलं जातं. मी स्वतः दोनवर थांबतो, आणि त्याला कारण आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि पुष्कळ देशांत कायद्याने १.६ मिमीपर्यंत वापरता येते. म्हणजे एकच टायर नवा असताना आणि संपताना त्याच्या व्यासात सुमारे १२.८ मिमीचा फरक पडतो, तुमच्या मापात तो दोन टक्के होतो. गाडी बनवणाऱ्याला एवढा फरक गृहीत धरावाच लागतो. त्याच्या पलीकडे गेलात की स्पीडोमीटर, गिअरचं गुणोत्तर, चाकाच्या खोबणीतली मोकळी जागा यांतली शिल्लक खायला सुरुवात होते.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, ती जास्त महत्त्वाची आहे. दोनच टायर बदलायचा विचार असेल तर माप अजिबात बदलू नका. पुढे नवे १९५/६५ आणि मागे झिजलेले १८५/६५ राहिले तर फरक १३ मिमी राहत नाही, झीज धरून जवळपास २६ मिमी होतो, चार टक्क्यांच्या वर. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि गाडी घसरू न देणारा स्टॅबिलिटी कंट्रोल चारही चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघतात. त्यांना पुढची चाकं कायम हळू फिरताना दिसली तर चुकीच्या वेळी मध्ये पडणं, दिवा लागणं असे प्रकार होऊ शकतात. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत घासत राहतो, आणि ती दुरुस्ती टायरच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जाते. माप बदलायचं तर चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

स्पीडोमीटरचं सांगतो, कारण यावर उलटसुलट ऐकायला मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम अनेक देश पाळतात. त्यानुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. जास्त दाखवू शकतो, तोही खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकाच. म्हणून बहुतेक गाड्यांचे काटे मुळातच थोडे पुढे असतात. दोन टक्के मोठा टायर त्या फरकात सहसा मुरून जातो. चार टक्क्यांना मात्र काटा १०० दाखवत असताना गाडी १०० च्या वर गेलेली असू शकते, आणि हे तुम्हाला कॅमेऱ्याची पावती आल्यावरच कळेल.

अ‍ॅव्हरेज पडल्याच्या तक्रारीत एक गंमत आहे. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण गाडी फेऱ्याच मोजते. १९५/६५ घातल्यावर गाडीने १०० किमी नोंदवले तर प्रत्यक्षात सुमारे १०२ झालेले असतात. तेल तेवढंच जळलं तरी हिशेबात अ‍ॅव्हरेज दोन टक्के कमी दिसतं. ही निव्वळ वहीतली घट. पण खरी घटही असते: मोठा टायर सहसा जड असतो, रुंद टायर हवा थोडी जास्त अडवतो, आणि टायरचा फिरण्यातला अवरोध नक्षी आणि रबराप्रमाणे बदलतो. शिवाय व्यास वाढला की प्रत्येक गिअर थोडा ‘लांब’ होतो. ताकदवान इंजिनाला फरक पडत नाही. छोट्या इंजिनाची गाडी भरून चढाला लावली की मात्र जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि क्लच जास्त वापरला जातो. २०५/६५ ला हे ठळकपणे जाणवेल. त्या मापावर मी इथेच काट मारतो.

म्हणजे मोठं माप कधीच घेऊ नये असं नाही. मूळ माप बाजारातून हळूहळू नाहीसं होतंय, चांगल्या नक्षीचे टायर त्यात येतच नाहीत, किंवा त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच मोठं माप देते, ही रास्त कारणं आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं. पुष्कळ गाड्यांच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दोन मापं दिलेली असतात. दुसरं माप तिथे छापलेलं असेल तर अर्धा विचार कंपनीने तुमच्यासाठी करून ठेवलाय. तरी एक बघा: वरच्या मॉडेलचा रिम किती रुंद आहे, आणि काही गाड्यांत मोठ्या टायरसाठी स्टिअरिंगची वळण्याची मर्यादाही थोडी कमी केलेली असते. नुसता टायर उचलून आणला म्हणजे वरचं मॉडेल झालं नाही.

रिमची रुंदी हा तुमच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा आहे आणि दुकानदाराने नेमका तोच वगळलाय. प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालतो याची ठरलेली मर्यादा असते. १८५/६५ आर १५ ला ५ ते साडेसहा इंच. १९५/६५ आर १५ ला साडेपाच ते ७, आणि त्याची मापणी होते ६ इंची रिमवर. म्हणजे तुमच्या साडेपाच इंची रिमवर १९५ बसतो, पण मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला. रिम अर्धा इंच अरुंद झाला की फुगवलेला टायर सुमारे ५ मिमी अरुंद होतो, म्हणून कागदावर वाढलेल्या रुंदीतला बराचसा भाग तिथेच गळून जातो. शिवाय साइडवॉल आत ओढल्यासारखी होते, टायरचा माथा किंचित गोल होतो आणि नक्षी मधोमध लवकर झिजायला लागते. स्टिअरिंगही थोडं सैल, उशिरा उत्तर देणारं वाटतं. जास्त पकडीसाठी पैसे मोजून ढिलं स्टिअरिंग घरी नेलेले लोक मला भेटतात, आणि त्यांना वाटतं अलाइनमेंट बिघडलंय. २०५/६० चा व्यास कागदावर किती देखणा दिसला तरी साडेपाच इंचावर तोही याच कोपऱ्यात अडकतो. सहा इंची रिम असता तर त्याचा विचार केला असता.

सोळा इंची अलॉयचं वेगळं आहे. व्यास जुळतो, पण तिथे भाराचा सापळा आहे. तुमच्या टायरवरचा ८८ म्हणजे एका टायरची वाहण्याची क्षमता ५६० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. १९५/५५ आर १६ साध्या बांधणीत ८७ चा येतो, म्हणजे ५४५ किलो. मूळ टायरपेक्षा कमी. दिसायला भारी, रुंदीला जास्त, आणि भार पेलायला हलका. नवा टायर मूळ अंकाइतका किंवा त्याहून वरचाच हवा, यात मी सूट देत नाही. त्याच मापात ‘एक्स्ट्रा लोड’ किंवा ‘एक्सएल’ लिहिलेला ९१ चा टायर मिळतो, ६१५ किलोचा. घ्यायचाच तर तो. पण एक्सएल टायर आपला पूर्ण भार जास्त हवेवर पेलतो: साध्या टायरची क्षमता २५० किलोपास्कलला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला मोजलेली असते, एक्सएलची २९० ला, म्हणजे ४२ पीएसआयला. त्यामुळे स्टिकरवरच्याच हवेवर चालवू नका. आधीइतका भार पेलायला एक-दोन पीएसआय जास्त भरावी लागते. टायर कंपनीच्या भार-हवेच्या तक्त्यात नेमका आकडा मिळतो.

साइडवॉल १२० वरून १०७ मिमीवर येते. वळणावर गाडी नेटकी वाटेल, पण खड्ड्याचा मार आता टायरऐवजी रिमवर जाईल. खड्ड्यात आपटल्यावर साइडवॉलवर अंड्याएवढा फुगा दिसला तर आतले धागे तुटलेत असं समजा. तो टायर दुरुस्त होत नाही, हवा कमी करून चालवायचाही नसतो. तुमचे रोजचे रस्ते कसे आहेत यावर हा निर्णय आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. पावसात न सरकणे आणि पोट न घासणे एवढंच हवं असेल तर अलॉयने दोन्हीपैकी काही होत नाही.

तरीही अलॉय घ्यायचं ठरलं तर बोल्टांची संख्या आणि वर्तुळ जुळलं म्हणून थांबू नका. मधल्या भोकाचा व्यास हबशी, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्याच्याशी, जुळायला हवा, मोठा असेल तर मधे कडी लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. आणि ईटी बघा, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्ट लागणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. समजा तुमचा रिम साडेपाच इंची, ईटी ४५ आहे आणि नवा साडेसहा इंची, ईटी ३८. रिम एक इंच रुंद झाल्याने दोन्हीकडे १२.७ मिमी वाढले, ईटी ७ ने कमी झाल्याने चाक तेवढं बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड जवळपास २० मिमी बाहेर आली आणि आतली साधारण ६ मिमी आत गेली. बाहेर मडगार्डची कड, आत शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, दोन्हीकडे जागा हवी. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा ताण आणि स्टिअरिंगचं वागणंही बदलतं.

जागा तपासायची माझी पद्धत अशी. नवा टायर एकाच पुढच्या चाकाला चढवायचा. गाडी जॅकवर असताना चाक फिरवून ‘कुठे लागत नाही’ म्हणणं फसवं आहे, कारण जॅकवर सस्पेन्शन लोंबलेलं असतं आणि सगळीकडे मोकळी जागा दिसते. गाडी खाली उतरवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कट मारून बघायचं. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवरची स्प्रिंगची बशी आणि टायर यांच्यात निदान ५-६ मिमी हवेत. मग मागे माणसं बसवून एखादा गतिरोधक हळू ओलांडायचा, एकदा सरळ आणि एकदा वळलेल्या चाकांनी. परत येऊन चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिक टॉर्चने बघायचं. जिथे टायर लागलाय तिथली धूळ पुसली जाऊन काळा चकचकीत पट्टा उठतो. पट्टा दिसला की माप बाद. ‘प्लास्टिक थोडं कापून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा.

कायदा आणि विमा जागोजागी वेगळा आहे. काही ठिकाणी नोंदणीच्या कागदात नसलेलं माप घातलं तर मंजुरी लागते, काही ठिकाणी वॉरंटीवर परिणाम होतो. विमा कंपनीला एक ईमेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा. तोंडी ‘काही होत नाही’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

मी तुमच्या जागी असतो तर १८५/६५ आर १५, ८८एच हेच माप ठेवलं असतं आणि मोठ्या मापासाठी जे जास्त मोजायला तयार होतो ते त्याच मापातल्या, ओल्या रस्त्यावर चांगल्या ठरलेल्या टायरवर खर्च केलं असतं. तुमची पहिली तक्रार तिथे सुटते, तिसरी मुळात उद्भवतच नाही, आणि दुसरीसाठी स्प्रिंगा बघायच्या. मनापासून १९५/६५ हवाच असेल तर ९१ चा, चारही, आणि स्टेपनीचा विचार करून. स्टेपनी १८५ चीच राहिली तर ती फक्त दुकानापर्यंत जायला, आणि गाडीची ताकद पुढच्या चाकांना असेल तर शक्यतो मागच्या चाकाला. टायरमधली हवा चाकाच्या वेगावरून ओळखणारी यंत्रणा गाडीत असेल तर नवे टायर घातल्यावर ती पुन्हा रीसेट करून घ्या.

१९५ बद्दल ठाम हो किंवा नाही मी अजून म्हणत नाही, कारण साडेपाच इंच हा आकडा तुम्ही पुस्तिकेतून दिलाय असं दिसतं आणि त्यात कधीकधी खालच्या मॉडेलचा रिम छापलेला असतो. टायर बदलताना चाक उतरेल तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काय कोरलंय ते बघा. ‘५½ जे’ किंवा ‘६ जे’ असा रुंदीचा आकडा असेल, जवळच ईटी असेल. दोन्ही इथे लिहा. गाडी पुढच्या चाकांची की चारही चाकांची, तेही सांगा. सहा निघाला तर १९५/६५ ला माझी हरकत नाही.